बापूसोंचा नवा दिवाणजी

फोनला काही विचारण्याआधी चप्पल काढून बाजूला ठेवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो आमच्या भिंतीला भिंत लावून राहतो. बापूसो आधी आंघोळ करतात, कपाळाला गंध लावतात, पूर्वेकडे तोंड करून पाटावर बसतात, समोरच्या दुसऱ्या पाटावर फोन ठेवतात आणि घसा खाकरून म्हणतात, "हां दिवाणजी, सांग आता. लांबण लावू नगं."

दिवाणजी म्हणजे पेढीवरचा कारभारी, हे तुम्हा मुलांना ठाऊक असण्याचं कारण नाही. पत्रं लिहायची, माल आला-गेला बघायचा, मालकाला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायच्या आणि मालकानं ऐकलं नाही तर गप्प बसायचं, हे त्याचं काम. बापूसोंच्या तंबाखूच्या वखारीत असे एक दिवाणजी होते. ते थकले आणि गावाकडे गेले. त्यांच्या जागी आता हे यंत्र आलं आहे. तुम्ही त्याला एआय म्हणता. बापूसो म्हणतात, "नवा दिवाणजी. पगार न्हाय, चहा न्हाय, तंबाखू मागत न्हाय."

तुम्ही दोघं दर रविवारी विचारता, "आजी, निपाणीत नवीन काय?" मी "काही नाही" म्हणते. कारण निपाणीत जे नवीन असतं ते बापूसो घेऊन येतात, साधारण दुपारी चारला, माझा डोळा नुकताच लागलेला असताना. ते फोनवर सांगण्याइतकं त्राण माझ्यात उरत नाही. म्हणून लिहून काढते आहे.

आता यात माझा संबंध काय? मी बेळगावच्या कॅम्पातल्या शाळेत नन्सच्या हाताखाली शिकले, लग्न करून निपाणीत आले आणि इथल्या हायस्कुलात मुलांना इंग्रजी शिकवत म्हातारी झाले. तेवढ्यावरून बापूसोंनी ठरवून टाकलं की हे यंत्र माझ्या माहेरचं आहे. ते बिघडलं, रुसलं किंवा न पटणारं बोललं की जाब मला विचारायचा.

"बाई, तुमचा दिवाणजी आज काय बरळतोय बगा."

"माझा नाही हो तो, बापूसो."

"इंग्रजीतनंच आलाय न्हवं? मग तुमचाच."

मूळ प्रश्न वखारीचा आहे. बापूसोंची वखार हायवेला लागून आहे. त्यांच्या वडिलांनी बांधलेली. दगडी भिंती, उंच छप्पर, आणि आत पाऊल टाकलं की नवख्या माणसाला शिंकांवर शिंका. पूर्वी तिथं बायकांच्या रांगाच्या रांगा बसून माल निवडत असत. आता एक कोपरा भरतो. धंदा आटला आहे, हे निपाणीत कुणी कुणाला सांगावं लागत नाही. एका हॉटेलवाल्याला ती जागा हवी आहे, खाली जेवणघर आणि वर लग्नाचा हॉल काढायला. पैसे चांगले देतो आहे. दसऱ्यापर्यंत उत्तर द्या, म्हणाला आहे.

द्यायची की ठेवायची?

घरात विचारायला दोन माणसं. एक त्यांची बायको, शांताक्का. ती म्हणते, "माझं आजवर कधी ऐकलंय म्हणून आता ऐकशीला?" दुसरा एकुलता एक मुलगा अजित. माझा विद्यार्थी, व्याकरण चोख, उत्तरं मात्र नेहमी एका ओळीत. तो कॅनडात नोकरी करतो, संसारही तिकडेच. त्याचं उत्तर एवढंच, "आप्पा, तुम्ही म्हणाल तसं."

अशा पेचात असतानाच इथल्या व्यापाऱ्यांनी हायवेवरच्या एका हॉटेलात व्याख्यान ठेवलं. धंद्याच्या प्रमुखांनी विचार करताना एआयची मदत कशी घ्यावी, असा काहीतरी विषय. बेंगळूरुहून एक टायवाला तरुण आला होता. "जेवण बरं असतंय म्हणून गेलतो," असं बापूसो सांगतात. पण परत आले ते थेट माझ्या ओसरीवर.

"बाई, त्यो पोरगा एक लाखाची गोष्ट बोलला. म्हणाला, मालक माणूस एकटा असतोय. नोकर त्याला खरं सांगत न्हायती, घरचे खरं सांगत न्हायती, दोस्त तर न्हायतीच न्हायती. हे यंत्र सांगतंय. त्याला काय आपली भीडभाड न्हाय."

"आणि जेवण?"

"श्रीखंड पातळ हुतं."

अजितनं मागच्या खेपेला आणून दिलेला भारी फोन तोवर देव्हाऱ्याशेजारी रुमालात गुंडाळून ठेवलेला होता. तो बाहेर निघाला.

पहिली अडचण अशी झाली की बापूसोंनी त्याला कौल लावायला सुरुवात केली. आपल्याकडे मोठं काम काढायचं तर देवळात जाऊन देवाला कौल लावतात. गुरव मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. प्रश्न नेमका लागतो, मन शुद्ध लागतं आणि पायात चप्पल चालत नाही. एवढी वर्षं बापूसोंनी याच पद्धतीनं मोठे प्रश्न विचारले, तेव्हा याही प्रश्नाला दुसरी पद्धत त्यांना सुचणार कुठून? त्यांनी पाट मांडला आणि विचारलं, "वखार इकू का ठिवू?"

यंत्रानं पानभर उत्तर दिलं. विकण्याचे फायदे, विकण्याचे तोटे, ठेवण्याचे फायदे, ठेवण्याचे तोटे. आणि शेवटी, अंतिम निर्णय आपल्या परिस्थितीवर अवलंबून आहे.

चार वाजता बापूसो माझ्याकडे.

"देव बी उजवी देतोय न्हायतर डावी देतोय. ह्यो बाबा दोन्ही पाकळ्या एकदम पाडतोय! आनी वर म्हणतोय, तुमचं तुम्ही बघा."

मी त्यांना समजावलं की हे यंत्र कौल देण्यासाठी नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न परत लावला. नवस बोलून. पावलास तर तुला नवीन कव्हर घेतो, असं यंत्राला सांगितलं. यंत्रानं आभार मानले आणि पुन्हा पानभर लिहिलं.

दुसरी अडचण भाषेची. यंत्राचं मराठी बापूसोंच्या मते "लई इस्त्रीचं" आहे. 'आपण', 'कृपया', 'निश्चितच'. बापूसो म्हणाले, "ह्यो पुण्याचा दिसतोय. ह्याला आपला माल कळायचा न्हाय." म्हणून त्यांनी एकदा कानडीत विचारून बघितलं. तुम्हाला माहीत नसेल, कोल्हापूरकडचे व्यापारी समोर बसलेले असले की इथली माणसं आपसातली मसलत हळूच कानडीत करतात. ते आमचं तिजोरीचं कुलूप. यंत्रानं फटदिशी कानडीत उत्तर दिलं. बापूसोंचा चेहरा पडला.

"ह्याला कानडी बी येतंय, बाई! आता गुपित बोलायचं तर कशात बोलायचं?"

मग एकदा त्यांनी त्याची परीक्षा घ्यायची ठरवली. बापूसोंची तंबाखूची पारख या भागात मोठी. चिमूटभर पान तळहातावर चोळतात, डोळे मिटून वास घेतात आणि कुठल्या गावच्या रानातलं आहे ते सांगतात. त्यांनी यंत्राला पानाचा रंग सांगितला, जाडी सांगितली, वासाचं वर्णन केलं आणि विचारलं, काय भावानं घ्यावा? यंत्रानं आधी सांगितलं की मला वास घेता येत नाही. मग बाजाराबद्दल बरंच काही. आणि खाली, तंबाखू आरोग्याला अपायकारक आहे, सोडण्यासाठी मदत हवी असल्यास विचारा.

"माझ्या वखारीत बसून, माझ्याच गादीवर बसून, मलाच सांगतंय!"

"खरंच सांगतंय की," शांताक्का भिंतीपलीकडून म्हणाली. "मी सांगत हुते तवा माझ्या अंगावर आलासा. आता त्या डबड्याच्या अंगावर जावा."

हे सगळं मी हसत ऐकत होते असं समजू नका. मी दमले होते. या वयात माणसाला वाटतं की आता नवीन काही शिकायचं राहिलेलं नसावं. मसाल्याच्या डब्यात मसाले, कपाटात चादरी, भिंतीवर कॅलेंडर, एवढं जागच्या जागी असावं आणि दुपारी तासभर झोप मिळावी. पण आयुष्यभर वर्गात उभं राहिलेल्या बाईला चुकीच्या रीतीनं विचारलेला प्रश्न ऐकवत नाही. तिथं मी अडकले.

एक दिवस बापूसो फार खुशीत आले. "बाई, दिवाणजी मला काय म्हणाला ठाऊक हाय? 'आपण अत्यंत महत्त्वाचा प्रश्न विचारला आहे.' आक्काला बी वाचून दावलं. ह्या घरात आजपातूर कोण आसं म्हणालं न्हवतं."

मी म्हटलं, द्या इकडे. आणि विचारलं, तंबाखूच्या वखारीत राखणीला हत्ती पाळावा का?

यंत्र म्हणालं, ही एक अनोखी कल्पना आहे. मग त्यानं हत्तीच्या खुराकाचा, परवानगीचा आणि जागेचा विचार मुद्देसूद मांडला.

बापूसोंनी उत्तर वर सरकवून पहिल्यापासून परत वाचलं. "म्हंजे ह्यो सगळ्यास्नी आसंच म्हणतोय व्हय?"

"बहुतेक."

"दलाल हाय, दलाल!" ते म्हणाले. "शेतकऱ्याला म्हणायचं तुझा माल सोनं, मला म्हणायचं तुमची नजर सोनं." आणि थोड्या वेळानं, जरा हळू आवाजात, "मला वाटलं, मलाच म्हणाला."

त्या 'मलाच'नं मला थोडं वाईट वाटलं. म्हणून मी मास्तरकी सुरू केली. म्हटलं, बापूसो, याच्याकडून होकार-नकार मागू नका, शाबासकीही मागू नका. याला सांगा, मी जे बोलेन त्याच्या विरुद्ध बाजू घे. मोठमोठे लोक असंच करतात म्हणे. आपल्या विचारातली भोकं दुसऱ्यानं दाखवली की बुजवता येतात.

हा सल्ला मला महागात पडला. दोन दिवस शेजारच्या घरातून भांडण ऐकू येत होतं. बापूसो म्हणत, वखार ठेवणार. यंत्र म्हणे, का ठेवू नये ते ऐका. बापूसो म्हणत, बरं मग विकतो. यंत्र म्हणे, विकण्यातले धोके असे. तिसऱ्या दिवशी ते आले ते घसा बसवून.

"ह्यो वकील हाय, बाई. कोर्टात गेल्यागत झालंय. दोन्ही अंगानं मीच हरतोय."

"मग असं करा," मी म्हटलं. मला खरं तर चहा टाकायचा होता. "त्याला म्हणावं, तू बोलूच नकोस. फक्त मला प्रश्न विचार. एकेक करून. मी उत्तर देईपर्यंत पुढचा विचारायचा नाही."

हे जमलं. माझ्याच ओसरीवर, चप्पल घालूनच, पहिल्यांदा जमलं. यंत्रानं विचारलं, वखार विकल्यावर तुमचा दिवस कसा जाईल? बापूसोंनी लांबलचक सांगितलं. मग विचारलं, तिथं काम करणाऱ्या बायकांचं काय होईल? बापूसोंनी एकेकीचं नाव घेऊन सांगितलं, कुणाला कुठल्या वखारीत लावून द्यायचं, कुणाची सून हल्ली मिळवती झाली आहे. त्यांनी हे सगळं आधीच ठरवून ठेवलेलं होतं. मला ते माहीत नव्हतं. पुढचा प्रश्न आला, वडिलांना काय वाटलं असतं? बापूसो हसले. "आमचा म्हातारा? त्यानं कवाच इकली आसती. चांगल्या भावाला त्यो देव्हारा बी ठिवत न्हवता."

आणि मग यंत्रानं विचारलं, आपल्या मुलाला परत येऊन हा व्यवसाय सांभाळायचा आहे का, हे आपण त्याला थेट विचारलं आहे का?

बापूसोंनी फोन पालथा घातला.

"विचारलंय की," ते मला म्हणाले. "म्हणालो, हॉटेलवाला मागतोय, काय करू? त्यो म्हणाला, तुम्ही म्हणाल तसं."

"हे वखारीबद्दल झालं. येणार आहेस का, असं विचारलं?"

"आसं कोण इचारतंय?" बापूसो जवळजवळ रागावले. "बाई, वखारीत दोन माणसं समोर बसली की जो पयला आकडा बोलतोय, त्यो बुडतोय. पाऊसपाण्याचं बोलायचं, लेकीबाळींचं बोलायचं, चहा मागवायचा, पर आकडा त्याच्या तोंडातनं यायला पायजे. मी 'येतोस का' म्हणालो आनी त्यो 'न्हाय' म्हणाला, मग? शब्द गेला की माझा. आनी 'व्हय' म्हणाला निस्ता माझ्याकडं बघून, मनात नसताना? त्ये तर आनी वाईट."

"आणि तो 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणतो ते?"

बापूसोंनी पालथा फोन सुलटा केला. मग सावकाश म्हणाले, "माझंच प्वार हाय. त्यो तरी पयला कशाला बोलंल?"

बाप निपाणीत, मुलगा कॅनडात, मध्ये वखार. आणि दोघेही दुसऱ्यानं तोंड उघडायची वाट बघत बसलेले. अजितचा फोन रविवारी येई. शांताक्का नातीबद्दल, थंडीबद्दल, लोणच्याच्या बरणीबद्दल भरभरून बोले. मग फोन बापूसोंकडे. "बरं हाय न्हवं?" "हाय." "बरं." झालं. संपलं बोलणं.

दसरा पुढच्याच आठवड्यात होता. हॉटेलवाल्याचा माणूस दोनदा येऊन गेला.

अशाच एका दुपारी मी शांताक्काचा डबा परत द्यायला गेले. तिनं थालीपीठं पाठवली होती. ती देवळात गेली होती. दार नुसतं लोटलेलं. आतून बापूसोंचा आवाज येत होता आणि त्यांना उत्तर देणारा यंत्राचा. मला वाटलं, वखारीचंच चाललं असेल.

"आप्पा, तुमच्या भावना मी पूर्णपणे समजू शकतो," यंत्र म्हणत होतं. "तुम्ही माझ्यासाठी किती कष्ट घेतले आहेत, याची मला जाणीव आहे. मी नक्कीच परत येण्याचा विचार करेन."

"ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे," बापूसो म्हणाले. "आमचा अजित आसं बोलत न्हाय. त्याला एवढं बोलाय येत न्हाय. कमी बोल. परत एकदा घेऊ. मी इचारतो. आज्या, तू येणार हाईस का रं हिकडं?"

"आप्पा, हा माझ्यासाठी खूप कठीण निर्णय आहे, पण कुटुंब माझ्यासाठी..."

"कमी! आनी कमी. दोन शब्दांत बोल. आनी जरा कोरडं. ऑफिसला जायची घाई हाय आसं."

यंत्रानं थोडा वेळ घेतला. मग म्हणालं, "बघू आप्पा. मीटिंग आहे."

"हां!" बापूसोंनी मांडीवर थाप मारली. "आता कसं! आता आज्या बोलल्यागत वाटलं." आणि मग ते थांबलेच नाहीत. मीटिंग आहे म्हणून सांगितलेल्या त्या यंत्राला ते म्हणाले, की मागल्या परसातल्या पेरूला औंदा लई फळ आलंय. की हायवेच्या नव्या पुलानं वखारीकडं वळायला लांबचा फेरा पडतोय. की तुझी सायकल आजून माळ्यावर हाय, दिली न्हाय कुणाला. यंत्र प्रत्येक वेळी शिकवल्याप्रमाणे एवढंच म्हणत होतं, "बरं आप्पा." बापूसोंना तेवढंही पुरत होतं.

मी डबा तसाच घेऊन घरी आले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, दिवेलागणीच्या जरा आधी, ते माझ्या दारात उभे राहिले. अंगात स्वच्छ सदरा, डोक्यावर टोपी. सौदा करायला निघाल्यासारखे.

"बाई, जरा येता का? निस्तं बसा माझ्याजवळ. तिकडं आता सकाळ आसंल. अजितला लावतो."

"शांताक्का आहे ना?"

"हाय की. पर ती मधीच लोणच्याचं काढंल."

शांताक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं लोणच्याचं काढलं नाही. बापूसोंनी फोन लावला, नेहमीसारखा स्पीकर चालू ठेवून. घंटी वाजत राहिली. त्यांनी टोपी काढली, परत घातली.

"आप्पा? काय झालं? आई बरी आहे ना?" अजितचा आवाज एकदम घाबरलेला. रविवार सोडून आडवारी बापाचा फोन येणं त्याला ठाऊकच नव्हतं.

"सगळी बरी हायती. तुला एक इचारायचं हुतं." बापूसोंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. "पाऊस हाय का तिकडं?"

"नाही. ऊन आहे. आप्पा, खरं सांगा, काय झालंय?"

"काय झालं न्हाय रं. त्या हॉटेलवाल्याचं... म्हंजे वखारीचं न्हाय. वखार ऱ्हाऊ दे बाजूला." ते थांबले. मग एका दमात म्हणाले, "आज्या, तू परत येणार हाईस का? कवातरी? तुला यायचं आसंल तर मी ठिवतो. न्हाय तर देऊन टाकतो. तू काय बी सांग, मला राग न्हाय."

मला वाटलं, लाइन गेली. बापूसोंनी फोन हातात घेऊन बघितला.

"न्हाय आप्पा," अजित म्हणाला. कितीतरी वर्षांनी मी त्याच्या तोंडून निपाणीचं 'न्हाय' ऐकलं. "मी न्हाय येणार. इथंच राहणार. मला हे तुम्हाला सांगायचं होतं, तीन-चार वर्षं झाली असतील. तुम्ही कधी विचारलंच नाही. आणि आपण होऊन मी कसं सांगू? तुम्ही माझ्यासाठी ती वखार..."

बापूसोंनी फोनवर तळहात दाबून धरला आणि घाबरून माझ्याकडे वळले.

"बाई, ह्यो रडतोय."

"हो."

"दिवाणजीनं आसं सांगितलं न्हवतं." त्यांनी दुसऱ्या हातानं टोपी मागं सरकवली. "म्हंजे त्याला तरी कुठनं कळणार? मीच शिकवला. मीच चुकीचा शिकवला."

मग त्यांनी हात काढला. त्यांचा आवाज इतका मऊ झालेला मी कधी ऐकला नव्हता. "ए आज्या. रडतोस काय रं खुळ्यागत? वखार काय, दगड हायती. उद्या त्या हॉटेलवाल्याला सांगून टाकतो. बायकांची यवस्था लावलीया मी, त्याची काळजी करू नगं. तू तिथं बरा हाईस न्हवं?"

"हाय, आप्पा."

"न्याहारी केलीस?"

"न्हाय. आता टोस्ट करून घेतले होते, तेवढ्यात तुमचा फोन."

"मग खा आधी."

"राहू दे हो. थंड झाले. आणि ऑफिसला..."

"ऑफिस कुठं पळून जात न्हाय. बस खाली आनी खा. मी हाय फोनवर."

"तुम्ही काय करणार तोवर?"

"काय न्हाय. बसतो की."

तिकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. बशी सरकली. थोड्या वेळानं टोस्ट कुरकुर चावल्याचा बारीक आवाज येऊ लागला. शांताक्का काहीतरी बोलायला पुढं झाली, तशी बापूसोंनी तिला हातानं थांबवलं. बाहेर हायवेवरून कोल्हापूरच्या गाड्या जात होत्या, त्यांच्या घरघरीत मधूनच तो आवाज बुडायचा. बापूसोंनी फोन कानाजवळ नेला आणि आवाज थोडा वाढवला.